हौसाचा हिरवा रंग

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात हौसा नावाची एक सुतारीण राहत असे. गावची माती करडी, भिंती करड्या, आणि माणसांची धोतरं-लुगडीसुद्धा धुऊन धुऊन करडी झालेली. हौसा परगावाहून लग्न होऊन आली आणि तिला हे काही बघवेना. कोरी भिंत दिसली की तिचे हात शिवशिवायचे.

रंग कसे करायचे हे ती कुणाकडे शिकली नव्हती. करून बघायची, फसायची, पुन्हा करायची. पळसाची फुलं उकळून तिनं केशरी रंग काढला. डाळिंबाच्या साली, हळद, नीळ, ओढ्याकाठचा गेरू, जे हाताला लागेल त्यातून ती रंग काढी. आपलं विटलेलं लुगडं रंगवून तिनं नवं केलं. फाटक्या धोतराच्या पट्ट्या रंगवल्या, त्यांची वेणी घातली आणि गोल बसकर शिवलं. मक्याच्या सालांची फुलं करून दाराला तोरण बांधलं. चिंचोके रंगवून गळ्यात माळ घातली. तिचा नवरा नागू लाकडाच्या बांगड्या कातून द्यायचा आणि हौसा त्यांवर लाल-पिवळे ठिपके काढायची.

केशरी लुगडं नेसून ती पहिल्यांदा पाणवठ्यावर गेली तेव्हा बायका हातातल्या घागरी विसरून बघतच राहिल्या. एक म्हातारी तर म्हणाली की सुतारणीनं अंगाला वणवा गुंडाळलाय. पण तो वणवा डोळ्यांना गोड वाटत होता. थोड्याच दिवसांत एकेक बाई तिच्या दारी येऊ लागली. कुणाला चोळीला रंगीत ठिगळ लावायचं होतं, कुणाला गोधडीला काठ. हौसा कुणाला नाही म्हणत नसे. मात्र ती करून देत नसे, करायला शिकवत असे. आपल्या हातानं केलेलं लुगडं अंगाला जास्त शोभतं, असं तिचं म्हणणं. बघता बघता गावातली घरं उजळली. बाजाराच्या वाटेनं जाणारे परके लोक थांबून विचारू लागले की इथं कसला सण आहे.

एवढं सगळं असून हौसाच्या मनात एक सल होता. तिला मूल नव्हतं. त्या काळी अशा बाईला ओटीभरणाला, बारशाला, डोहाळजेवणाला कुणी बोलावत नसत. आदल्या दिवशी बायका तिच्याकडून तोरणं करून घेत, पाटाला रंग लावून घेत. कार्याच्या दिवशी मात्र तिला निरोप येत नसे. हौसा आपल्या अंगणात बसून लांबून गाणी ऐकायची आणि पुढच्या कामाला लागायची. कधी कुणाला बोलून दाखवलं नाही. तिनं एक शेळीचं करडू पाळलं होतं. पांढरंशुभ्र होतं म्हणून त्याला ती ढवळू म्हणायची. ते दिवसभर तिच्या पदराला तोंड घासत मागे मागे फिरायचं.

हौसाजवळ सगळे रंग होते, फक्त टिकाऊ हिरवा नव्हता. हळदीत नीळ मिसळली की हिरवा यायचा खरा, पण उन्हात हळद उडून जायची आणि मागे उरायचा तो मळकट निळा. पानांचा रस लावला तर तो आठवड्यात मातीसारखा दिसायचा. हिरवा चुडा, हिरवी चोळी, हिरवं लुगडं, बायकांना हवा असायचा तो नेमका हिरवाच. हौसाला ही गोष्ट फार लागायची.

त्या वर्षी डोंगराची एक दरड कोसळली. हौसा सरपण आणायला गेली असताना तिला ढासळलेल्या कड्यात हिरवी शीर दिसली. जवळ जाऊन पाहते तो दगडच हिरवा. पोपटाच्या पंखासारखा, कोवळ्या भातासारखा. तिनं एक ढेकूळ घरी आणलं, पाट्यावर वाटलं, जवसाच्या तेलात खललं आणि दाराच्या फळीवर बोट ओढलं. तो रंग बघून ती जागीच बसली. असा हिरवा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पाण्यानं धुतला तरी जाईना, उन्हात ठेवला तरी फिका पडेना.

तो दगड कसला आहे, कुणी कधी वापरलाय का, हे तिनं कुणाला विचारलं नाही. तेवढा दम तिला निघालाच नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं आपलं अख्खं दार हिरवं केलं आणि तिसऱ्या दिवशी निम्मं गाव ते बघायला आलं.

मग काय विचारता. ज्याच्या त्याच्या घरात पाट्यावर हिरवा दगड वाटला जाऊ लागला. दारं हिरवी झाली, भिंती हिरव्या झाल्या, खांब हिरवे झाले, पाट, देव्हारे, मुलांची खेळणी हिरवी झाली. नागूनं ठसे कोरून दिले आणि बायकांनी लुगड्यांवर हिरव्या वेली उठवल्या. लाकडी बांगड्या हिरव्या झाल्या. बैलांची शिंगंसुद्धा हिरवी झाली. ज्याच्या त्याच्या तोंडी हौसाचं नाव होतं. रस्त्यानं जाताना लोक तिला थांबवून आपलं दार दाखवायचे. हौसाला वाटायचं, आपण या गावाला काहीतरी दिलं.

गावच्या पाटलीणबाई आवडाबाई म्हणजे मोठं प्रस्थ. बोलणं थोडं, पण एकदा बोलल्या की गाव तसं वागायचं. त्यांची सून शेवंता गरोदर होती आणि तिचं डोहाळजेवण जवळ आलं होतं. आवडाबाईंनी हौसाला वाड्यावर बोलावून घेतलं. त्यांच्या मनात होतं की या डोहाळजेवणाला सगळं हिरवं असावं. झोपाळा हिरवा, शेवंताचं लुगडं हिरवं, चुडा हिरवा. जेवायची लाकडी ताटंही हिरवी. आणि येणाऱ्या बाळासाठी एक पाळणा, तोही हिरवा.

हौसा हो म्हणून उठणार इतक्यात आवडाबाई म्हणाल्या, "आणि हे बघ. शेवंताला पहिला घास तू भरवायचास."

हौसाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पहिला घास भरवायचा मान घरच्या थोरल्या लेकुरवाळ्या बाईचा. तिनं अडखळत तसं म्हटलंही. त्यावर आवडाबाई म्हणाल्या की गावाला रंग दिलास, तेव्हा हा मान तुझाच आहे, आणि कुणाला काही म्हणायचं असेल तर त्यानं माझ्याकडे यावं.

त्या दिवशी हौसा घरी आली ती रडत आणि हसत. तिनं नागूला सगळं सांगितलं. नागूनंही कौतुकानं पाळण्यासाठी सागाचं जुनं जपून ठेवलेलं लाकूड काढलं. त्यानं पाळणा केला, हौसानं रंगवला. रंगाचा हात वाळला की दुसरा हात, तो वाळला की तिसरा. पाळण्याच्या कडेला तिनं मोर काढले. तिच्या तळहातांना भेगा पडत होत्या, बोटांच्या बेचक्यांत फोड येत होते. तिनं खोबरेल लावलं आणि काम चालू ठेवलं. कामाचे हात आहेत, होणारच, असं ती मनाशी म्हणाली.

डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. हौसा पहाटे उठून सडा घालायला बाहेर आली. ढवळू रोजच्यासारखं धावत आलं नाही. तिनं हाक मारली. मग तिला ते दिसलं. ढवळू उंबऱ्याशी आडवं पडलं होतं. पाय ताठ झाले होते, डोळे उघडेच होते.

हौसा खाली बसली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. आधी तिला वाटलं, साप चावला असेल. तिनं पाय पाहिले, पोट पाहिलं, कुठं दात लागलेले नव्हते. मग त्याचं तोंड उघडलं. जीभ हिरवी होती. ओठांच्या कडेला हिरवा फेस वाळला होता.

तिनं दाराकडे पाहिलं. वरून दार तसंच झळकत होतं. पण खाली, करडाचं तोंड पोचेल तेवढ्या उंचीवर, रंग उरलाच नव्हता. चाटून चाटून लाकूड उघडं पडलं होतं. जवसाच्या तेलाच्या चवीनं ते रोज तिथं येत असणार आणि हौसा रोज त्याच दारातून जात-येत होती. तिनं ते पाहिलं नव्हतं.

ढवळूचं ओझं मांडीवर तसंच होतं. मग एकेक गोष्ट तिच्या डोळ्यांपुढून जाऊ लागली. पाट. खेळणी. बांगड्या. पाळणा. तिनं आपले भेगाळलेले तळहात उलटे-सुलटे करून पाहिले.

नागू बाहेर आला. हौसानं त्याला काही सांगितलं नाही, नुसतं ढवळूचं तोंड दाखवलं आणि मग दार दाखवलं. नागू चांगला माणूस होता, पण तो घाबरला. तो हलक्या आवाजात म्हणाला की जनावर आहे, काहीबाही खाल्लं असेल. हौसानं पुन्हा दाराकडे बोट केलं. तेव्हा तो तिच्याजवळ बसला. आज तोंड उघडलंस तर काय होईल याचा विचार कर, असं त्यानं सांगितलं. तुला मूल नाही. शेवंताच्या डोहाळजेवणाच्या दिवशी तू विषाचं नाव काढलंस तर लोक काय म्हणतील ते मला सांगायला लावू नकोस. गावातून बाहेर काढतील आपल्याला. आजचा दिवस जाऊ दे. उद्या मी पाळणा परत आणतो, कुठं सांधा ढिला राहिला म्हणून सांगतो. रंग खरवडून टाकू. कुणाला कळायचंही नाही.

"आणि बाकीच्यांच्या घरांचं काय?" हौसानं विचारलं.

नागू कुदळ घेऊन परसात गेला आणि ढवळूसाठी खड्डा खणू लागला.

हौसानं आंघोळ केली. लुगडं नेसली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं आणि तरी ती ते करत होती. एक दिवसानं काय होतंय, असं ती स्वतःला सांगत होती. आयुष्यात पहिल्यांदा कुणी आपल्याला मानानं बोलावलंय, एवढा एक दिवस. वाटेनं जाताना शेजारच्या ओट्यावर एक तान्हं हिरव्या खुळखुळ्याची मूठ तोंडात घेऊन चोखत होतं. हौसानं जाता जाता तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि कमरेला खोचला. पोर रडायला लागलं. ती मागं न बघता भराभर पुढं गेली.

वाड्याचं अंगण बायकांनी भरलं होतं. मधोमध हिरवा झोपाळा, त्याला पानांच्या माळा. झोपाळ्यावर हिरव्या लुगड्यातली शेवंता, हातभर हिरवा चुडा. एका बाजूला मोरांचा पाळणा सगळ्यांना दिसेल असा ठेवला होता. बायका त्याला हात लावून बघत होत्या आणि हौसाकडे बघून मान डोलावत होत्या. हौसाला झोपाळ्याजवळ पाट दिला. गाणी सुरू झाली. ओटी भरली. एरवी लांबून ऐकलेली गाणी आज तिच्या कानाशी चालली होती आणि तिला त्यातला एक शब्द ऐकू येत नव्हता.

मग आवडाबाईंनी ताट आणलं. हिरव्या लाकडी ताटात पुऱ्या, भजी, भात आणि मधोमध वाफाळती, तूप सोडलेली तांदळाची खीर. वाटीत न घेता खीर ताटातच वाढली होती, ताटाचा रंग खुलून दिसावा म्हणून. ते ताट त्यांनी हौसाच्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "भरव."

हौसानं ताटाकडे पाहिलं. खीर पांढरी होती, पण कडेला तिला हिरवी झाक आली होती. गरम तुपानं रंग सुटला होता. पांढऱ्या खिरीत हिरवी रेघ हळूहळू पसरत होती, ती तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. शेवंतानं हसून तोंड पुढं केलं. सकाळपासून ती या घासासाठी उपाशी होती.

हौसाचा हात उचलला गेला. बोटांत पुरीचा घास होता, खिरीत बुडवलेला. सगळं अंगण तिच्या हाताकडे बघत होतं. आणि मग तिनं तो घास फेकून दिला आणि ताट जमिनीवर उपडं केलं.

पुऱ्या घरंगळत गेल्या. ताट दगडावर आपटलं. गाणारीचा सूर अर्ध्यात तुटला. गरोदर बाईच्या पुढ्यातलं ताट उपडं करणं, तेही वांझ म्हणून ज्या बाईला कुणी बोलावत नाही तिनं, असा प्रकार त्या गावात कुणी पाहिला नव्हता की ऐकला नव्हता. शेवंताचे ओठ तसेच उघडे राहिले. एका बाईनं पदरानं आपल्या मुलीचे डोळे झाकले.

आवडाबाई म्हणाल्या, "हौसा, हे काय केलंस?"

हौसा म्हणाली, "या रंगात विष आहे, पाटलीणबाई. माझं करडू दार चाटून मेलं. मला हे सकाळीच कळलं होतं. तरी मी गप्प बसून इथवर आले. मला हा मान सोडवत नव्हता."

एवढं बोलून ती खाली बसली.

आणि मग अंगण पेटलं. कुणी म्हणालं की हिच्या पोटात दुखतंय, दुसरीचं सुख बघवत नाही हिला. कुणी म्हणालं, अशा बाईला आत घेतलंच का. एक जण तर तिच्या दंडाला धरून ओढू लागली. करडू काय, कुणाचंही मरतं, त्याचा रंगाशी काय संबंध, असं सगळ्या एका आवाजात बोलत होत्या. हौसानं कमरेचा खुळखुळा काढून पुढं ठेवला. शेजारचं तान्हं हे चोखत होतं, एवढंच ती म्हणाली.

त्या गर्दीत सोनाई नावाची कोष्ट्याची सून होती. ती सहसा बोलत नसे. ती हळूच म्हणाली की आमच्या कोंबड्या भिंत रंगवल्यापासून एकेक करून मेल्या. सासूबाई म्हणाल्या, रोग आला असेल.

तिचं बोलणं ऐकून तिच्या शेजारची बाई पुढं सरकली. तिला कुणी विचारलं नव्हतं, तरी तीही म्हणाली की आमच्या धाकट्याचं पोट दुखायचं राहत नाही, त्याला हिरवी भिंगरी दिलीय तेव्हापासून. तिसरीच्या बैलानं रंगवलेलं शिंग खांबाला घासलं होतं, खांबाला लागलेला तो रंग चाटला होता आणि आता तो वैरण खात नव्हता. आणखी एकीनं बांगड्या वर सरकवून मनगट दाखवलं. बांगड्यांखाली कातडं लाल होऊन सोललं होतं. तिनं आजवर ते पदराखाली झाकून ठेवलं होतं.

अंगणातल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. जिनं हौसाचा दंड धरला होता तिनं तो सोडला. प्रत्येकीच्या घरात काही ना काही घडलं होतं. प्रत्येकीनं ते पाहिलं होतं. आणि रंग इतका सुंदर होता, सगळ्या गावाला तो इतका आवडला होता, खुद्द पाटलीणबाईंना तो हवा होता, म्हणून एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. आपापल्या घरातली गोष्ट म्हणून जी ती गप्प राहिली होती.

शेवंता झोपाळ्यावरून उतरली. तिनं हातातल्या हिरव्या बांगड्या काढायला सुरुवात केली. ते बघून सगळ्यांनीच काढल्या. अंगणात बांगड्यांचा ढीग झाला.

आवडाबाई तेवढा वेळ पाळण्याजवळ उभ्या होत्या. त्यांचा हात पाळण्याच्या कडेवर होता, जिथं बाळाचं तोंड आलं असतं त्या जागी. त्या हौसाजवळ आल्या आणि म्हणाल्या, "वेळेवर बोललीस म्हणू, की उशीर केलास म्हणू, मला कळत नाही. सकाळी कळलं होतं तर सकाळीच यायचं होतंस."

हौसानं मान खाली घातली. ते खरं होतं.

त्याच दिवशी गावात काम सुरू झालं. बांगड्या, हिरवी लुगडी, ताटं, खेळणी, पाळणा, सगळं गावाबाहेर खोल खड्ड्यात गाडलं. धुरानं आणखी घोळ नको म्हणून काही जाळलं नाही. दारं-भिंती ओल्या करून खरवडल्या, खरवड गोळा करून तीही गाडली. हौसा सगळ्यांत पुढं होती. हातांना फडकं गुंडाळून ती घरोघर गेली. कुणी दार उघडलं, कुणी तिच्या तोंडावर लावून घेतलं. जिथं लावून घेतलं तिथं ती बाहेरून सांगायची की पाटा आधी धुऊन घ्या, मसाला त्याच्यावर वाटू नका. नागू तिच्या बरोबर होता. दरडीतली हिरवी शीर त्यानं दगडमातीनं बुजवून टाकली.

सगळं सुखरूप झालं असं नाही. तो बैल वाचला नाही. पोटदुखीचं ते धाकटं पोर अंथरुणाला खिळलं आणि त्याची आई रोज त्याला ताक पाजत रडत बसायची. हौसा रोज त्यांच्या ओट्यापर्यंत जायची, आत जायला धजायची नाही. पोर उठून बसलं तेव्हा तिनं ते ओट्यावरूनच पाहिलं आणि घरी येऊन त्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

लोकांनी मग घाबरून सगळेच रंग पुसून टाकले. केशरी पुसला, पिवळा पुसला, गेरूसुद्धा धुऊन काढला. गाव पुन्हा करडं झालं. हौसाकडे कुणी फिरकेना. तिला शिव्या देणारे होते, तसे तिची कीव करणारेही होते, पण तिच्याकडून रंग शिकायला कुणी येत नव्हतं. तिनं स्वतःही रंगाची भांडी पालथी घालून ठेवली होती.

शेवंता बाळंत झाली. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. बारसं झालं. हौसाला निरोप आला नाही आणि तिनं त्याची वाटही पाहिली नाही.

थंडी सुरू झाली तशी एका सकाळी शेवंता स्वतः हौसाच्या अंगणात आली. कडेवर मुलगी होती आणि बगलेत पांढऱ्या मऊ कापडाचा तुकडा. हौसा गडबडीनं उठली. बसायला काय द्यावं ते तिला कळेना. शेवंता उंबऱ्यावरच बसली आणि तिनं तो तुकडा हौसापुढं ठेवला.

"मावशी, हिच्यासाठी कुंची शिवायची आहे. रंग लावून द्या."

हौसा म्हणाली की मला आता सांगू नकोस बाई. माझ्या रंगावर कोण भरवसा ठेवील. तुझ्या सासूबाईंना तरी चालेल का.

शेवंता म्हणाली, "सासूबाईंनीच हे कापड काढून दिलंय. मी तोंड उघडून बसले होते, मावशी. तुम्ही घास भरवला असता तर मी खाल्ला असता आणि तुमचं नाव घेतलं असतं. ज्या बाईनं अंगणभर माणसांत स्वतःच्या तोंडानं स्वतःची चूक सांगितली, तिनं आता मला एखादा रंग चांगला आहे म्हणून सांगितलं, तर मी तो डोळे झाकून पोरीच्या अंगाला लावीन."

हौसानं त्या कापडावरून बोट फिरवलं. मग तिनं ते उचललं, उभं फाडून त्याचे दोन भाग केले आणि एक भाग स्वतःच्या मांडीवर ठेवला. म्हणाली, "हळदीत रंगवते. यातला अर्धा आधी मी अंगाशी बांधून हिंडेन. मला खाज उठली नाही, घामानं रंग सुटला नाही, तर मग तुझी कुंची शिवू. तोवर थांबशील?"

शेवंता हसून हो म्हणाली. हौसानं मुलीला मांडीवर घेतलं. मुलीनं तिच्या भेगाळ बोटाला घट्ट धरलं आणि हौसानं ते सोडवून घेतलं नाही. पलीकडच्या ओट्यावरून सोनाई हे बघत होती. थोड्या वेळानं तीही आपलं विटलेलं लुगडं घेऊन आली आणि कुणी काही न विचारता अंगणात येऊन बसली.

तात्पर्य: आपल्या हातून चूक झाल्याचं कळलं की त्याच क्षणी ती बोलून दाखवावी, मग त्यासाठी कितीही मोठा मान सोडावा लागला तरी चालेल. गमावलेला विश्वास माणसाला खरं बोलून पुन्हा मिळवता येतो, पण आपण गप्प राहिल्यामुळे गेलेला जीव कुणालाच परत आणता येत नाही.